राहून गेलेली कल्हई

ज्या सकाळी झुम्रा गेल्याचे घरी कळले, त्या सकाळी मी पहिल्यांदा उतू गेलो.

मित्रांनो, मी जेझवा. कॉफी करायचे तांब्याचे भांडे, बुडाशी रुंद, गळ्याशी निमुळते आणि एका बाजूला लांब दांडा. आमच्या बोस्नियात मी नाही असे स्वयंपाकघर सापडायचे नाही. विसोको गावात, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत, हिल्मो आणि झुम्रा यांच्या घरी माझे सारे आयुष्य गेले. आता मी जुना झालो आहे. अंगावर दोन-तीन पोचे आहेत, दांड्याची एक खीळ हलते.

त्या सकाळी बर्फ पडून थांबला होता. झुम्रा पाव आणायला गेली होती. हिल्मो लाकडाच्या वखारीत काम करतो, पण त्या दिवशी त्याला सुट्टी होती. ती परत येईल तेव्हा कॉफी तयार असावी म्हणून त्याने मला चुलीवर ठेवले. फेस वर येऊ लागला तेवढ्यात दार वाजले. शेजारची साफिया होती. डोक्याला रुमाल नाही, पायात घरातल्याच सपाता.

"हिल्मो, चल. झुम्रा पडली."

"घसरली ना? तरी मी म्हटलं होतं, उन्हं येऊ देत, मग जा."

"घसरली नाही रे. बेकरीत, रांगेत उभी होती. उभ्या उभ्या खाली आली. गाडी येऊन घेऊन गेली तिला."

"थांब, कोट घालतो. तिची शालही घेतो. हल्ली तिला फार थंडी वाजते."

साफिया दारातच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "शाल राहू दे, हिल्मो."

मी उतू गेलो तो तेव्हा. कॉफी माझ्या अंगावरून ओघळून चुलीवर गेली आणि तिथेच जळली. कुणी मला उचलले नाही.

मित्रांनो, माझा जन्म सारायेवोच्या तांबटांच्या गल्लीत झाला. एका म्हाताऱ्या तांबटाने पत्रा तापवला, ठोकला, वळवला. बाहेरून नक्षी काढली आणि आतून कल्हई केली. हिल्मो आणि झुम्रा यांचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते. झुम्राने मला उचलून उन्हात फिरवून पाहिले आणि म्हणाली, "किती चमकतोय!"

तांबट हसला. "चमक काय, राखेनंसुद्धा येते, पोरी. तू आत बघत जा. आतली पांढरी कल्हई विरून तांबं दिसायला लागलं, की त्यात पुन्हा काही करायचं नाही. आधी माझ्याकडे आणायचा."

झुम्राने ते लक्षात ठेवले. कल्हई विरायला लागली की हिल्मो मला कागदात गुंडाळून बसने सारायेवोला न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा.

ती माझी सुखाची वर्षे होती. आमच्याकडे पाहुणा आला की पहिली कॉफी स्वागताची. मग गप्पांची. आणि पाहुणा उठायचे नावच घेत नसेल तर शेवटची, 'आता निघा' अशी. झुम्राच्या घरी ती शेवटची कॉफी प्यायलेला माणूसही तास तासभर हलत नसे. ती अंगाने भरलेली होती आणि हसली की टेबलावरचे बिनकानाचे प्याले किणकिणत. पिटा करायची म्हणजे कणकेची एवढी मोठी, एवढी पातळ पोळी ताणायची की टेबल झाकून चारी बाजूंनी खाली लोंबे. मग आत पालक आणि चीज भरून ती गुंडाळायची आणि भाजायची. पहिला तुकडा तव्यावरूनच तिच्या तोंडात जाई.

"आम्हाला उरेल का काही?" हिल्मो विचारी.

"उशिरा येणाऱ्याला वास उरतो," ती म्हणे आणि सर्वांत मोठा तुकडा त्याच्याच ताटात घाली.

पुढे तिचे गुडघे दुखू लागले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले, वजन थोडे उतरवा. घरी येऊन तिने ते हिल्मोला सांगितले तेव्हा मी टेबलावरच होतो.

"तीन वेळा जेवायचं म्हणे. पाव थोडा कमी, भाजी जास्त, घेवडा, अंडी, दही. रोज चालायचं. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ म्हणाल्या."

"मग बरंच आहे की. उपाशी तर नाही ना ठेवत?"

"उलट म्हणाल्या, उपाशी राहू नका, शरीराला लागतं तेवढं मिळालंच पाहिजे."

काही आठवडे तिने तसेच केले. पाव कमी झाला, भाजीचे भांडे मोठे झाले. गुडघ्यांना जरा बरे वाटू लागले. हे असेच चालले असते, तर मी आज तुमच्याशी बोलत बसलो नसतो, चुलीवर असतो.

पण शरद ऋतूत मुलीचे, मेरिमाचे, लग्न ठरले. मुलाकडची माणसे सारायेवोहून आली. झुम्राने दोन दिवस खपून स्वयंपाक केला. जेवणे झाली, मी फिरू लागलो, आणि मुलाची आई, बारीक, नीटनेटकी बाई, हसत हसत म्हणाली, "विहीणबाई, फोटोवाल्याला आधीच सांगून ठेवायला हवं हं. आपण दोघी एका फोटोत मावायला हव्यात!"

सगळे हसले. झुम्राही हसली. पण त्या वेळी प्याले किणकिणले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साफिया आली. "माझ्या भावजयीनं दोन महिन्यांत सगळं उतरवलं. सकाळी एक अंडं, दुपारी एक सफरचंद, संध्याकाळी काही नाही. भूक लागली की कॉफी. कॉफीनं भूक मरते."

"डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या..."

"त्यांच्या अर्ध्या अर्ध्या किलोनं तू नातवाच्या लग्नात बारीक होशील, बाई!"

दोघी खूप हसल्या. आणि झुम्राने मला पुन्हा चुलीवर ठेवले.

त्या दिवसापासून माझे काम वाढले. पूर्वी मी माणसे आली की चढायचो, आता ती एकटी असली तरी चढू लागलो. तिचे पोट गुरगुरले की मी चुलीवर. डोके दुखले, मी चुलीवर. घेवड्याच्या रश्श्याचे भांडे ती हिल्मो आणि मेरिमासाठी रोज चढवी, पण तिसरी वाटी धुवायला पडत नसे.

"तू नाही बसत?" हिल्मो विचारी.

"चाखता चाखता पोट भरलं रे. माझी कॉफी आहे ना."

आणि तो आपल्या वाटीकडे वळे. मित्रांनो, त्याला दोष देऊ नका. आमच्याकडे एखाद्यापुढे कॉफी असली, की हा माणूस उपाशी आहे असे कुणाच्या मनातच येत नाही. कॉफी पुढे आहे म्हणजे माणूस खाऊनपिऊन निवांत बसला आहे, असेच आम्ही समजतो.

ती भराभर उतरू लागली. गल्लीत कौतुकाला तोटा नव्हता. "झुम्रा, मागून मला वाटलं मेरिमाच चालली आहे!" "काय केलंस गं? आम्हालाही सांग." ती रोज मला राखेने घासून लखलखीत करी आणि खिडकीत मांडी. माझेही कौतुक होई. एवढा चमकणारा जेझवा साऱ्या गल्लीत नाही, असे बायका म्हणत.

पण मला दांड्यातून तिचा हात कळत होता. तो गार पडत चालला होता. चुलीपाशी उभी असूनही ती शाल सोडत नसे. पिठाचे पोते सरकवताना एकदा ती मध्येच जमिनीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही. कणीक ताणायला हातात जोर राहिला नाही, तेव्हा ती विकतच्या पोळ्या आणू लागली. केस गळून रुमालाला चिकटलेले दिसत. पायात गोळे येत. हिल्मोवर कधी न चिडणारी बाई एकदा मीठ सांडले म्हणून रडली.

एके दिवशी मला धुताना ती थांबली. मला खिडकीकडे नेऊन तिने आत पाहिले.

"हिल्मो, जेझव्याची कल्हई विरली. आत लाल दिसायला लागलंय."

"नेतो की शनिवारी."

"नक्की ने. लग्नाच्या आधी व्हायला हवी."

बर्फ पडू लागला, बस कधी येत, कधी येत नसत, आणि शनिवार राहून गेला. तेवढ्यात ती बेकरीच्या रांगेत पडली. दुसऱ्यांसाठी पाव घ्यायला उभी असताना पडली, हे मला फार लागते.

दफन झाल्यावर बायका प्रार्थनेला घरी जमल्या. हलवा केला होता. मी आणि शेजारून आणलेले माझे भाऊबंद चुलीवरून खाली उतरतच नव्हतो. तेव्हासुद्धा कुणीतरी म्हणाले, "किती छान बारीक झाली होती गं. अगदी नवरीसारखी दिसत होती." हिल्मो दारात लाकडे घेऊन उभा होता. त्याने ती लाकडे हळूच खाली ठेवली आणि तो बाहेर निघून गेला.

काही दिवसांनी तो डॉक्टरीणबाईंकडे मृत्यूच्या दाखल्याचा कागद आणायला गेला. परत आल्यावर तो मेरिमाशी बोलला.

"त्यांनी विचारलं, शेवटचे महिने ती काय खात होती. मला सांगताच येईना. तोंडात एकच शब्द आला, कॉफी. त्या म्हणाल्या, इतक्या कमी खाण्यावर माणूस राहिला, की शरीर आधी चरबी खातं आणि बरोबर मांसही खातं. हृदय हेही मांसच आहे म्हणाल्या. अंगातले क्षार ढळतात, हृदयाचे ठोके चुकायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही."

मेरिमाने प्याला पुढे ओढला. तिने कॉफीचा घोट घेतला.

मला माहीत होते ते हिल्मोला माहीत नव्हते. लग्नाचा पोशाख मेरिमाने एक माप लहान बेतायला टाकला होता. मायलेकींनी मिळून ठरवले होते, दोघींनी एकदमच बारीक व्हायचे. मेरिमा तेव्हा बापासमोर अर्धी वाटी तरी खाई. आई गेली, पण पोरीने ते सोडले नाही. आईबरोबर सुरू केलेले ते शेवटचे काम होते, म्हणून तर तिला ते अधिकच सोडवत नसावे. आईच्याच जागी बसून ती मला चढवू लागली. सकाळी अंडे. दुपारी सफरचंद.

एका दुपारी हिल्मो वखारीतून लवकर आला. तिने दांडा धरला होता आणि दुसऱ्या हाताने ती शाल गळ्याशी घट्ट ओढत होती. त्याने तो हात पाहिला. जवळ येऊन धरला.

"हात एवढा गार का?"

"थंडी आहे, बाबा."

"चुलीपाशी?" त्याचा आवाज बदलला. "जेवलीस?"

"चाखता चाखता..."

तिने वाक्य पुरे केले नाही. त्याने मला चुलीवरून उचलले आणि होती नव्हती ती कॉफी मोरीत ओतून टाकली. ओतताना त्याची नजर माझ्या आत गेली. तिथे आता सगळे लालच होते. तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्याने मला फळीवर ठेवले आणि घेवड्याचे भांडे चुलीवर चढवले.

"बाबा, पोशाख बेतून झालाय. लग्न उन्हाळ्यात आहे. मी त्यात मावणार नाही."

"शिवण उसवता येते. एवढं मलाही कळतं."

"आणि सासूबाई? त्या काय म्हणतील?"

"आपण तारीख पुढे ढकलू. त्या काय म्हणायचं ते म्हणू देत, मी ऐकून घेईन. तुला बारीक व्हायचंय ना, हो. मी कुठं नको म्हणतो? पण खाऊन हो. उद्या आपण दोघं त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, त्या सांगतील किती खायचं. आज मात्र ही वाटी संपव. मी इथंच बसतो."

"असा बघत बसू नकोस रे, मला घास गिळवत नाही."

"बरं. खिडकीकडे बघतो."

तो खरेच खिडकीकडे तोंड करून बसला. ती रडत रडत खात होती. मध्येच म्हणाली, "मीठ जास्त झालंय." तो म्हणाला, "तुझ्या आईनंही लग्नाच्या पहिल्या वर्षी असंच खारट केलं होतं." वाटी रिकामी झाली.

मित्रांनो, आता मेरिमा तीन वेळा जेवते. डॉक्टरीणबाईंनी मापाने सांगितले आहे, पण ते माप पोटभर आहे. पाव आहे, घेवडा आहे, दही आहे. वजन हळूहळू उतरते आहे. कधी आठवडाभर काट्यावर काहीच हलत नाही, तेव्हा तिचा चेहरा पडतो आणि ताटात अर्धे उरते. मग हिल्मो आपलेही ताट बाजूला ठेवतो. ते पाहून ती पुन्हा घास घेते. लग्न शरद ऋतूत आहे. पोशाखाच्या शिवणी उसवून दिल्या आहेत.

मी फळीवर आहे. पाहुण्यांना आता स्टीलच्या भांड्यातली कॉफी मिळते. मला कुणी घासत नाही, अंगावर काळपट डाग चढले आहेत. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. चमकत होतो तेव्हा माझे किती कौतुक झाले, आणि त्या दिवसांत आत काय चालले होते, ते मी पाहिले आहे.

तुमच्या घरी कुणी झपाट्याने बारीक होत असेल, तर छान दिसतेस असे म्हणून पुढे जाऊ नका. तिचा हात हातात घ्या. गार लागला तर विचारा, आज काय जेवलीस? ती चाखता चाखता पोट भरले म्हणाली, तर ताट वाढा आणि शेजारी बसा. कमी करायचे असेल तर थोडे कमी करा, पण शरीराला लागते ते त्याला द्या. एवढीच माझी विनवणी आहे.

कधी कधी शनिवारी हिल्मो मला खाली काढतो. जुना कागद पसरतो, मला त्यावर ठेवतो, बसची वेळ बघतो. आत पाहतो. मग कागद घडी करून ठेवतो आणि मला परत फळीवर ठेवतो.

झुम्राने सांगितलेली कल्हई अजून झालेली नाही.