तिसरी हाक

शब्दकोशाच्या कचेरीत त्याला सगळे टिपणराव म्हणत. भाजीवाल्याने मापात मारलं आणि वर शिव्या दिल्या तरी त्या वहीत उतरवून घेऊन हा हसत घरी यायचा. बढती हुकली, लग्न जमलं नाही, त्याचं त्याला सुखदुःख नव्हतं. दुखणं एकच होतं. तीन महिन्यांपूर्वी आईला झटका आला आणि तिची वाचा गेली. थोरली ताई तिचं सगळं करायची आणि हा रोज उशाशी बसून "आई, अगं आई" करायचा. तिने एकदा, निदान एकदा ओ द्यावी, एवढंच त्याला हवं होतं.

त्याच सुमारास कचेरीत एक म्हातारी यायला लागली. तिची भाषा बोलणारं आता दुसरं कोणीच उरलं नव्हतं, म्हणून ती बोलायची आणि टिपणराव लिहून घ्यायचा. 'हाक मारण्याचे प्रकार' हा रकाना आला तसा त्याने नमुन्याचा शब्द पुढे केला, 'आई'. तो नेहमी तोच घ्यायचा, कारण आई प्रत्येक भाषेत सापडते.

"आमच्या भाषेत अरे, अगं, अहो आहे," तो म्हणाला. "तुमच्या?"

"तुमच्या हाकेवरून माणूस लहान की मोठा एवढंच कळतं, बाबा. आमच्या हाकेवरून तो कुठे आहे ते कळतं."

जवळच्याला एक हाक, नजरेआडच्याला दुसरी. या दोन तिने हसत सांगितल्या. तिसरीच्या वेळी आधी ध्वनिमुद्रणाचं यंत्र बंद करायला लावलं आणि मग त्याच्या कानाशी पुटपुटली. ती गेलेल्यांसाठी होती. त्या हाकेचा शेवटचा स्वर खाली पडायचा आणि घशातच राहायचा.

"हिला ओ मिळतेच," म्हातारी म्हणाली. "म्हणून मोकळ्या माळावर जाऊन मारायची. घरात कोणी आजारी असेल तर मुळीच नाही. आजारी माणूस अर्ध्या वाटेवर असतं. त्यालाही ऐकू जाते, आणि ते उठून निघतं."

जेवताना टिपणरावाने ताईला हे सगळं सांगितलं. "असलं काही घरात तोंडातून काढू नकोस हं," ती म्हणाली.

पण कोशवाल्यांची एक खोड असते. नवा शब्द घरी तीनदा मोठ्याने म्हटल्याशिवाय त्यांना तो पक्का झालासा वाटत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी टिपणराव बाहेरच्या खोलीत वही उघडून बसला. आपण आईला तिसरी हाक मारत नाही, नुसता तिचा स्वर घोटवतोय, असं त्याने स्वतःला बजावलं. मन कसलं लबाड, ते लगेच हो म्हणालं.

पहिल्यांदा स्वर चुकला. दुसऱ्यांदाही चुकला. तिसऱ्यांदा तो घशात बरोबर बसला.

"काय रे?" आई म्हणाली.

आवाज खणखणीत होता, हात कामात असताना ती पूर्वी द्यायची तसा. टिपणरावाला रडूच फुटलं. "ताई, आई बोलली गं," म्हणत तो आत धावला, आणि आईच्या खोलीच्या उंबऱ्यावर त्याच्या ध्यानात आलं की आवाज त्या खोलीतून आलाच नव्हता. तो स्वयंपाकघरातून आला होता.

आत ताई पलंगावर ओणवी होऊन आईचे खांदे हलवत होती. "आत्ता तर पाणी पाजलं मी," ती म्हणाली. "अरे, तू हाक मार. तुझ्या हाकेला ती ओ देईल."

त्याने आईचा हात हातात घेतला. "आई," तो म्हणाला. "अगं आई." मग त्याला येत होतं त्या प्रत्येक भाषेत त्याने तिला हाक मारली. हात गार पडत चालला होता. ताई रडत रडत "अजून मार, अजून मार" म्हणत होती. आईचा तो आवाज आता पुन्हा कधीच कानावर पडायचा नाही, हे त्याला सोसवेना. त्याने पुन्हा तिसरी हाक मारली आणि स्वर खाली सोडला.

"आले, आले," स्वयंपाकघरातून उत्तर आलं आणि पाठोपाठ चपला घासत चालल्याचा आवाज सुरू झाला.

ताईने आईचे खांदे सोडले. अंगावरची चादर सारखी केली आणि दाराकडे पाहत ती अगदी हळू म्हणाली, "हिला परत कसं पाठवायचं, ते त्या आजींना विचारलंस का?"

टिपणरावाने ते विचारलंच नव्हतं.