फाटक, जेटी, परत

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. फळा नव्हे, फळी. फळा शाळेत भिंतीला टेकून बसतो, त्याला मास्तर लाभतात, मे महिन्याची सुट्टी लाभते. मी शाळेची पायरीसुद्धा चढले नाही. मला आकडे येतात आणि तीन शब्द येतात. तेवढ्यावर माझं आयुष्य निभावलं. पुष्कळ शिकलेल्यांचं निभावत नाही, तेही मी पाहिलं आहे.

मूळची मी हळर्णची, एका दांडग्या फणसाच्या पोटातली. वाऱ्यात तो फणस आडवा झाला. दत्ताराम मेस्ताने, म्हणजे गावच्या सुताराने, त्याच्या तीन फळ्या काढल्या, लाकडी खुंट्या मारून जोडल्या आणि त्या तिघींची मिळून मी झाले. मला काळा रंग दिला. माथ्यावर पांढऱ्या तेली रंगाने तीन शब्द लिहिले: फाटक, जेटी, परत. अक्षर वाकडं होतं, पण रंग अस्सल. मला ट्रकात चढवताना मेस्त म्हणाला, "फणसाचा लाकूड हां. माणूस मरात, ह्या नाय मराचा." बिचारा स्वतःच गेला. त्यालाही वीस वर्षं झाली.

तो ट्रक मला डिचोलीकडच्या एका खाणीवर घेऊन आला आणि खाणीच्या फाटकावर मला उभं केलं. तिथे माझी मालकीण होती चंद्रावती. वय वीसच्या आसपास, केसांत तांबडी धूळ, शिक्षण दुसरी. तेही अर्धं. पण आकड्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. खनिज भरलेला ट्रक फाटकातून बाहेर पडला की ती माझ्या कोपऱ्यात एक उभी रेघ मारी. ट्रक नदीच्या धक्क्यावर, म्हणजे जेटीवर, बार्जपाशी रिकामा होऊन परत आला की त्याच रेघेवर आडवी रेघ. रेघेची फुली झाली की तो ड्रायव्हर जेवायला मोकळा. दिवस मावळला, भोंगा झाला, तरी एखादी रेघ उभीच राहिली तर चंद्रावती जागची हलत नसे. मुकादम म्हणे, "गो, घरा जा आता." ती म्हणे, "माझी एक रेघ उघडी आसा. तुमी जावा."

संध्याकाळी जेटीवरून चिठ्ठी येई आणि ती तीन आकडे लिही. फाटकातून किती गेले, जेटीवर किती पोचले, परत किती आले. एका दिवशी फाटकाखाली चाळीस आणि जेटीखाली त्रेचाळीस. मुकादम म्हणाला, चिठ्ठी चुकली असेल. चंद्रावती म्हणाली, "चिठी चुकाक नाय. तीन ट्रकांनी फाटक चुकवला." आणि तसंच होतं. भार जास्त असला तर फाटकावर तो उतरवायला लावत, रांगेत ताटकळावं लागे. म्हणून काही शहाणे मागच्या शेतवाटेने पळत होते. दुसऱ्या दिवशी ती स्वतः शेताच्या बांधावर हात आडवा करून उभी राहिली, आणि सापडला बाबली. गावचाच तरणा ड्रायव्हर, ओठांवर झुबकेदार मिशा.

"आज सोड गो," बाबली म्हणाला.

"सोडतंय. पण आधी फळयेर तुझा नाव लिवतंय."

नाव लिहायला तिला येत होतं कुठे? तिने माझ्यावर भल्यामोठ्या मिशा काढल्या. फाटकातून जाणारा प्रत्येक ड्रायव्हर त्या बघून हसला. त्या दिवसापासून तिचं एक वाक्य सगळ्या खाणीला पाठ झालं: "फाटकार दिसली नाय ती ट्रिप जेटीर दिसता." पुढच्या वर्षी तिने बाबलीशीच लग्न केलं. लबाड नवरा डोळ्यांसमोर असलेला बरा, असं म्हणाली.

ते माझे तेजीचे दिवस, मित्रांनो. मग खाणी बंद झाल्या. धूळ खाली बसली, तशी माझी किंमतही बसली. खाणीच्या राखणदाराने मला उचलून नेलं आणि कोंबड्यांच्या खुराड्याचं दार केलं. ट्रिपा मोजणारी मी, आता अंडी मोजत बसले. कोंबड्यांना कोण काय सांगणार! त्या माझ्या अंगावर चोची मारत आणि मी गप्प राही. पण तेली रंगाचे ते तीन शब्द काही गेले नाहीत.

तिथून मला सोडवलं नर्स क्षमाने. ती मांद्र्याची माहेरवाशीण, इथल्या आरोग्य उपकेंद्रात कामाला. पोलिओचे डोस घेऊन राखणदाराच्या घरी आली, मला पाहिलं आणि म्हणाली, "ही इतकी चांगली फळी कोंबयांका?" मला धुतलं, नवा काळा रंग दिला. ते तीन शब्द मात्र तिने रंगाखाली झाकले नाहीत. म्हणाली, "अक्षर कोणाचा तरी आसा, रवांदे."

मग ती साथ आली. तुमच्यातले मोठे तेव्हा घरात बसून मोबाइलवर शाळा करत होते, त्यांना आठवत असेल. दुसऱ्या वर्षी तिने खरे दात दाखवले. क्षमाने मला व्हरांड्यात रस्त्याच्या बाजूला उभं केलं आणि गावाचे चार वाडे, म्हणजे चार वस्त्या, माझ्यावर उतरवले: वरचा वाडा, मधला वाडा, देऊळवाडा, तळीवाडा. 'फाटक'च्या खाली खडूने लिहिलं, तपासले आणि सापडले. 'जेटी'च्या खाली, हॉस्पिटलात. 'परत'च्या खाली, बरे होऊन आले. रकाने आयते होते, ते तिने वापरले. मोबाइलवरचा आकडा माणूस बोटाने वर सरकवतो आणि विसरतो. रस्त्यावरचा जाता-येता वाचतो, असं तिचं म्हणणं.

रोज दुपारी तिला मांद्र्याकडून तिच्या भावजयीचा, गौरवीचा, फोन येई. तीही तिकडच्या केंद्रात हेच काम करत होती.

"गेल्या सोमवारी शंभर तपासले, बावीस सापडले. आज पंधरा," गौरवी सांगे.

"आजव शंभरच तपासले मगे? का काडये संपल्यो?"

"शंभरच गो. मोजून."

"मगे बरा चल्ला तुमचा."

बघा मित्रांनो, नुसतं 'पंधरा सापडले' ऐकून हुरळायचं नसतं. कितींतले पंधरा, हे आधी विचारायचं. हे मला क्षमाने शिकवलं. आणि जे क्षमाला सुचायला आणखी चार दिवस लागले असते, ते चंद्रावतीने एका नजरेत पाहिलं. तेच सांगायला बसले आहे.

चंद्रावती आता सासू झाली होती, आजी झाली होती, आणि तळीवाड्याची राणी तर कधीचीच होती. साथ आली तशी तिने गावाच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं आणि वाड्याच्या तोंडाशी बांबू आडवा बांधला. पाहुणा नको, फेरीवाला नको. पाववाला पोदेरसुद्धा उंड्यांची पिशवी बांबूलाच अडकवून, भोंपू वाजवून मागे फिरे. इथवर ठीक होतं. पण क्षमा तपासणीच्या काड्या घेऊन गेली, तेव्हा बांबू तिच्यासाठीही उघडला नाही.

"आमच्या वाड्यार रोग नाय," चंद्रावती पलीकडून म्हणाली. "नाकात काडी घालून रोग शोदूचो कित्याक? निजलेल्या कुत्र्याक खडो मारूचो?"

तळीवाड्यापुढे क्षमाने शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी शून्य, तिसऱ्या दिवशी शून्य. मधल्या वाड्याचे बासष्ट तपासले, चौदा सापडले, त्यांना घरातच वेगळं ठेवलं, गोळ्या दिल्या. हॉस्पिटलात एकच गेला. तरी तळीवाड्याची माणसं मधल्या वाड्याला टोमणे मारत. मधल्या वाड्याचा नारायण मान खाली घालून माझ्यासमोरून जाई. मला फार वाईट वाटे. पण फळीने बोलायचं कसं? फळीने दाखवायचं असतं.

एका सोमवारी चंद्रावती प्रेशरच्या गोळ्या न्यायला आली. लुगड्याचा पदर नाकावर घट्ट. माझ्याकडे बघितलं, आणि मला ओळखलं! जुनी मैत्रीण हाटात भेटावी तशी हसली. माझ्या अंगावरून हात फिरवला. मग ऐटीत विचारलं, "गो क्षमा, आमचो वाडो खंयचो?"

"हो शेवटचो, काकी."

"शून्य मा? मोठा काड ता. हय रस्त्यावरून दिसना नाय."

चंद्रावतीला खडूची अक्षरं वाचता येत नव्हती. तिला वाचता येत होते ते तीनच शब्द, दत्तारामाच्या वाकड्या हाताचे. तिचं बोट सवयीने फाटकाखाली गेलं: शून्य. मग सवयीनेच जेटीखाली गेलं.

तिथे तीन लिहिलं होतं.

तिचं बोट तिथेच थांबलं.

"हे तीन खंयसून इले?"

"तुमच्याच वाड्याचे, काकी. दम लागलो तसे थेट हॉस्पिटलात गेले. तिकडची यादी माझ्याकडे येता."

"एकाक दमो होतो. एक पावसात भिजलेलो. तिसरी..." तिने बोटांवर मोजायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं. तिचं बोट पुन्हा फाटकाच्या शून्यावरून जेटीच्या तीनवर आलं. मग स्वतःलाच शिवी दिल्यासारखी म्हणाली, "फाटकार दिसली नाय ती ट्रिप जेटीर दिसता. रांड गे चंद्रावती, आज तूच शेतवाटेन ट्रक काडलंस!"

आणि पायरीवर बसली. "क्षमा, बाबली पाच दिस खोकता. मी काढो देतंय. कोणाक सांगू नुको म्हणान सुनेच्या तोंडाक मीच कुलूप घातलंय."

"उठा, काकी. मी काडये घेतंय."

"नुसत्यो काडये नुको. हिका पण घे." हिका म्हणजे मला.

अर्ध्या तासात मी एका पिकअपमध्ये उभी होते आणि पिकअप तळीवाड्याच्या तोंडाशी. चंद्रावतीने कोयत्याने बांबूची दोरी स्वतः तोडली आणि बांबूच्या जागी मला उभं केलं. लोक जमले. कोणी म्हणालं, चौदा दिवस घरावर कागद चिकटवतील. कोणी म्हणालं, मधला वाडा हसेल.

"हसांदेत," चंद्रावती म्हणाली. "हसताना दात दिसतत, मेल्यार तेव दिसनत नाय. पयला नाक माझा. मगे माझ्या घोवाचा. मगे बगतंय कोण लपता तो."

तिची सून सुविधा बाबलीला धरून घेऊन आली. क्षमाने त्याच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. पंचाण्णव तरी हवा होता. सत्त्याऐंशी. तिने दुसऱ्या बोटाला लावला. सत्त्याऐंशीच. तिने फोन कानाला लावला.

रुग्णवाहिका आली. बाबली चढताना बायकोला म्हणाला, "आज सोड गो."

"आज नाय सोडणय," ती म्हणाली. आवाज खणखणीत होता, पण खडू शोधताना तिला तो हातातला दिसेना. गाडी वळणाआड गेली तेव्हा तिने माझ्या कोपऱ्यात एक उभी रेघ मारली.

त्या दिवशी तळीवाड्याचे एकोणपन्नास तपासले, एकोणीस सापडले. चार वाड्यांत सगळ्यांत मोठा आकडा. क्षमा बारीक लिहायला लागली तर चंद्रावतीने तिचा हात धरला. "मोठा लिव. शून्य मोठा काड म्हणाक लाज नाय वाटली, मगे आता कसली?" नारायण येऊन माझ्यासमोर उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता उट्टं काढणार. त्याने फक्त विचारलं, "काकी, एकोणीस जणांका दूध, भाजी कोण हाडता? मधलो वाडो हाडीत." दुसऱ्या सकाळपासून मधला वाडा दूध-भाजी आणू लागला.

मला परत व्हरांड्यात आणलं. स्वतःच्या तपासणीत चंद्रावती सुटली होती, तरी घरात बाकीच्यांपासून वेगळी राहिली. वेगळं राहायचे दिवस संपले तशी रोज संध्याकाळी येऊन पायरीवर अंतर राखून बसू लागली. क्षमा म्हणे, "घरा जावा, काकी." ती माझ्या कोपऱ्याकडे बोट दाखवी. "रेघ उघडी आसा." फाटकाखालचा आकडा दोनदा वाढला, मग उतरत बारा झाला, बाराचे पाच, तपासत होते तेवढेच, सापडत होते कमी. जेटीचे चार झाले होते, ते तीन झाले, दोन झाले. परतखाली आकडा चढला. पण ती रेघ उभीच.

एकविसाव्या दिवशी पिकअप थांबली. सुविधाच्या खांद्याला धरून एक बारीक म्हातारा उतरला. मी ओळखलंच नाही. नळ्या-मास्क लावताना हॉस्पिटलात त्याच्या मिशा काढल्या होत्या.

चंद्रावतीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मिशा खंय टाकलंस?"

"जेटीर रिकाम्यो करून इलंय," बाबली म्हणाला.

ती हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मग उठून माझ्याकडे आली आणि उभ्या रेघेवर आडवी रेघ ओढली. खडू मोडेपर्यंत दाबून.

त्याला आता काही वर्षं झाली, मित्रांनो. मी सुखात आहे. माझ्यावर आता बाळांच्या लशींचे वार असतात, प्रेशर-डायबिटीसच्या तपासणीची तारीख असते. तळीवाड्याचे लोक तपासणीला सगळ्यांत आधी येतात, कारण राणी दारात उभी असते. बाबलीच्या मिशा पुन्हा आल्या, पांढऱ्या.

तुमच्याकडे एवढंच मागणं. मला ओल्या फडक्याने पुसू नका, माझे सांधे फुगतात. जाहिराती लावायला खिळे ठोकू नका, मी तीन बहिणींची आहे, एकीला लागलं की तिघींना लागतं. आणि कुठेही शून्य दिसलं तर टाळ्या वाजवण्याआधी शेजारच्या रकान्यात डोकवा. फाटकावर कोणी उभं होतं का, ते विचारा.

बाकी रोज सकाळी मला खुशाल पुसा. नवे आकडे लिहा. कोपऱ्यातली ती फुली तेवढी सोडा. ती फुली नवी असताना एकदा क्षमाचं फडकं तिथवर गेलं होतं, तेव्हा रस्त्यावरून आवाज आला होता: "गो, हात काड! ती माझी परत इलेली ट्रिप."