पाइप कुठीही लावू नका

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे. आता या रंगाला पांढरा म्हणावं की नाही हा प्रश्नच आहे, पण कागदावर तसं लिहिलेलं आहे. मी कारखान्यातून निघाले तेव्हा इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्या नव्या होत्या. कधी किती पेट्रोल सोडायचं ते माझ्यातला एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. इंजिन हवा ओढतं, तो ओढा बोटाएवढ्या काळ्या रबरी पाइपांतून जागोजागी पोचतो आणि त्यावरून कॉम्प्युटरला माझ्यावरचा भार कळतो. गॅरेजवाले त्यांना व्हॅक्यूमचे पाइप म्हणतात. सगळे दिसायला सारखे. माझं सगळं दुखणं इथूनच सुरू झालं.

मला विकत घेतलं आलापल्लीच्या गुणवंतराव रामटेके यांनी. ते वनखात्यात कारकून होते. दर रविवारी मला धूत, सागाची पानं काचेवरून हातानं वेचत. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि चावी त्यांच्या मुलीकडे, हर्षाकडे आली. हर्षा जंगलातल्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. तिच्याबरोबर मी कच्च्या वाटा पाहिल्या, पण कधी कुरकुरले नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझं हेड गॅस्केट, इंजिनाच्या दोन भागांमधलं पातळ अस्तर, गेलं. मला चंद्रपूरला प्रफुलच्या गॅरेजात नेलं. गॅस्केट त्यानं उत्तम बसवलं, खोटं कशाला बोलू? पण काम करताना सगळे पाइप एका मुठीत उपटले आणि परत लावताना जिथं बसले तिथं दाबून टाकले. कॉम्प्युटरला भार सांगणारा पाइप हवेच्या झडपेच्या आतल्या, इंजिनाकडच्या अंगाला हवा होता, तो बाहेरच्या अंगाला गेला. तिथं ओढा पोचतच नाही, आणि ओढा नाही म्हणजे भार पुरा, असं कॉम्प्युटर समजतो. झालं! मी नुसती उभी असले तरी कॉम्प्युटरला वाटे, ही भरल्या बोजानं चढ चढते आहे. तो बदाबदा पेट्रोल ओते. मागून काळा धूर निघे आणि जिथं थांबावं तिथं मी बंद पडे. कोणता पाइप कुठे जातो याचं चित्र बॉनेटच्या आत चिकटवलेलं होतं. त्यावर एका रंगाऱ्यानं आधीच ब्रश फिरवला होता!

मग सुरू झाले इलाज. एकानं प्लग बदलले. दुसऱ्यानं पेट्रोलचा पंप बदलला. तिसरा म्हणाला, कॉम्प्युटरच उडाला. चौथ्या शहाण्यानं तर इंजेक्शन काढून जुना कार्ब्युरेटर बसवायचा सल्ला दिला. एकानंही पाइपावरून बोट फिरवून तो कुठून निघतो आणि कुठे जातो हे पाहिलं नाही. मला ओरडता येत असतं तर!

एका दुपारी मंगली नावाची बाळंत होऊ घातलेली पोर उपकेंद्रात आली. तिचं बीपी फार वाढलं होतं. अॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. हर्षानं मंगलीला माझ्या मागच्या सीटवर निजवलं, तिची आई बायनाबाई उशाशी बसली. अर्ध्या वाटेत म्हशींचा कळप आडवा आला. हर्षानं मला थांबवलं आणि मी बंद पडले. किती चावी फिरवली, किती हात जोडले! पेट्रोलनं भिजलेले प्लग पेटेनात. पाऊण तासानं एक जीप आली. मंगली दवाखान्यात पोचली, पोरगी झाली, दोघी वाचल्या.

"थे गाडी चालवू नोका आता, बाई," बायनाबाई तिला म्हणाली. "माही पोरगी माह्या हातात थंडी पडून राह्यली होती."

घरी गुणवंतराव म्हणाले, "मले बी वाईट वाटते, हर्षा. पन देऊन टाक भंगारात."

"देतो, बाबा. पन आधी मले समजू द्या, हिले झालं काय."

हर्षानं चौकशी केली. गडचांदूरला रंभाबाई नावाच्या एका बाईंच्या टिनाच्या शेडमध्ये अगदी माझ्यासारखी गाडी उभी होती, सिमेंटच्या धुळीनं माखलेली. तिचं इंजिन कधी कुणी उघडलंच नव्हतं. बॉनेटमधलं चित्र शाबूत होतं. हर्षानं त्याचा फोटो काढला, एकेका पाइपावरून बोट फिरवलं, मग घरी येऊन माझं बॉनेट उघडलं. दोन पाइपांची अदलाबदल झालेली होती, पण ते इतके कडक झाले होते की तिच्या हातानं निघेनात. तिनं दवाखान्यातली चिकटपट्टी घेऊन प्रत्येक पाइपाच्या दोन्ही टोकांवर नंबर चिकटवले आणि मला धूर सोडत, अडखळत प्रफुलकडे नेलं.

प्रफुल हसला. "मॅडम, हवाच तं असते त्याच्यात. कुठीही लावला तं काय फरक पडते?"

"प्रफुलभाऊ, आमच्या पेशंटले ऑक्सिजनची नळी असते अन् लघवीची बी असते. दोन्ही नळ्याच हायेत. लावू का कुठीही?"

प्रफुलचं हसू मावळलं. त्यानं फोटो पाहिला, कडक झालेले दोन्ही पाइप फेकून नवे लावले, चित्रात होते तिथंच. प्लग पुसले. चावी फिरवली. मी खोकले, उरलेली काजळी बाहेर टाकली आणि मग शांत, एकसारखी चालू लागले. कितीतरी महिन्यांनी मला पोटभर श्वास मिळाला.

"पाच मिनिटांचं काम होतं," प्रफुल खाली बघत म्हणाला. "माह्याच हातानं झालं हे."

हर्षानं चिकटपट्टीचा रोल त्याच्या पान्यांच्या पेटीत ठेवला.

मित्रांनो, आता मी कुठेच बंद पडत नाही. परवा बायनाबाई नातीला लस टोचून घ्यायला उपकेंद्रात घेऊन आली, तीन किलोमीटर पायी, उन्हातान्हात. परत जाताना हर्षानं माझं दार उघडून धरलं. बायनाबाईनं माझ्याकडे पाहिलं, पोरीला पदराखाली घेतलं आणि चालू लागली.

मी तिच्यावर रागावले नाही. तुम्हाला एवढंच मागते, कुणाचाही पाइप काढण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांना खूण करा. मी दुरुस्त व्हायला पाच मिनिटं लागली. बायनाबाईला पुन्हा माझ्यात बसायला किती काळ लागेल, मला माहीत नाही.