आजीनं न पाहिलेलं अथेन्स

सोमवारी आईची कबर उघडली. आमच्याकडे अथेन्समध्ये दफनभूमीतली जागा तीन वर्षांपुरतीच मिळते. मग हाडं काढायची, वाइननं धुवायची आणि पेटीत ठेवायची. खोदणाऱ्यानं खाली वाकून पाहिलं, टोपी काढली आणि म्हणाला, "बाई, अजून झालेलं नाही."

निळा स्वेटर तसाच होता. आईही बरीचशी तशीच होती. त्यांनी पुन्हा माती लोटली.

एव्हान्थिया मावशी माझ्या शेजारी उभी होती. मेलबर्नहून ती एवढ्यासाठीच आली होती. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

मावशी लग्न करून तिकडे गेली तेव्हाची ही गोष्ट. दोन मुलं पोटातच गेली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठू दिलं नाही, आणि त्याच महिन्यात इकडे आजी वारली. आईनं ते लपवलं. आजीला लिहिता येत नसे, तिची पत्रं नेहमी आईच लिहायची, त्यामुळे अक्षरावरून संशय यायचं कारण नव्हतं. "आईला जरा शहर दाखव, सगळा जन्म चुलीपाशी गेला तिचा," असं मावशी पूर्वीपासून लिहीत आली होती. मग आईनं मेलेल्या आजीला अथेन्स दाखवलं. सात महिने, सात पत्रं. बाळ चाळीस दिवसांचं झाल्यावर तिनं खरं कळवलं. उत्तरात मावशीची एकच ओळ आली: क्सेनी, तुझ्या देहाची कधी माती न होवो.

नंतर दोघी कधी बोलल्या नाहीत.

आज शुक्रवार. रात्री मावशीचं विमान. तिनं ते शब्द मागे घ्यावेत, एवढंच मला हवं होतं. शापावर माझा विश्वास नाही. पण सोमवारपासून मला झोप लागत नव्हती. डोळे मिटले की स्वेटरची वरची दोन बटणं दिसायची.

मावशीनं ती सात पत्रं बरोबर आणली होती. चार दिवस ती एकेक पत्र काढून तिथं लिहिलेलं ठिकाण पाहत होती. शेवटचं पत्र फिलोपापूच्या टेकडीचं होतं.

"अ‍ॅक्रोपोलिसवर म्हणे तुझ्या आजीचे बूट चावत होते," चढताना मावशी म्हणाली. "पुरून तीन महिने झालेल्या बाईचे बूट! लबाड होती तुझी आई."

"मावशी, तू एकदा—"

"गप चढ. बोलत चढलीस तर माझ्याआधी तुलाच पुरावं लागेल."

"एकदाच म्हण, माफ केलं म्हणून."

ती थांबली. "मिर्सिनी, ती खोटं बोलली म्हणून नाही गं. स्वयंपाकघरात बसून, एखादं माहितीपुस्तक शेजारी उघडं ठेवून लिहिलंय हे सगळं. मी तिकडे बिछान्यात पडून पायरी पायरी चढत होते, आणि त्या पायऱ्यांवर कुणीच नव्हतं."

वर छोट्या देवळामागे खडकात कोरलेलं आसन होतं. मावशी उजवीकडे बसली आणि चष्मा लावून वाचू लागली.

"'इथून समुद्राची बोटभर फट दिसते, दोन खडकांच्या मधून. पण अगदी डाव्या टोकाला बसलं आणि मान थोडी खाली केली तरच. दगड तिथं फुटलाय, झगा अडकतो.'"

ती वाचायची थांबली. मग सरकत सरकत डाव्या टोकाला गेली. तिचा झगा दगडाला अडकला. तिनं मान खाली केली.

"दिसतेय," ती म्हणाली.

"हे पुस्तकात नसतं," मी म्हटलं. "तेव्हा दर रविवारी ती मला शेजारच्या बाईंकडे ठेवून जायची. परत यायची तेव्हा काळे बूट धुळीनं पांढरे झालेले असायचे. कुठं गेली होतीस विचारलं तर बोलायची नाही."

"एकटी यायची?"

"एकटीच."

"आईच्या सुतकात," मावशी म्हणाली. "माझ्यासाठी."

खाली टेकडीच्या पायथ्याशी कॉफीचं दुकान होतं. मावशीनं दुकानातल्या बाईकडे पाण्याचा पेला मागितला, आणि मीठ.

"कॉफीत मीठ, आजीबाई? ऑस्ट्रेलियात असंच पितात वाटतं?"

"कॉफी तूच पी. मीठ आण."

चमचाभर मीठ तिनं पेल्यात सोडलं आणि बोटानं ढवळत म्हणाली, "जसं हे विरतंय, तसे माझे शब्द विरोत, क्सेनी." गावाकडे शाप असाच उतरवतात, हे मी ऐकलं होतं, करताना कधी पाहिलं नव्हतं.

पेला दुकानातलाच होता. त्या बाईनं तो घेऊन जाऊ दिला. टॅक्सीवाला मात्र कुरकुरला.

"सीटवर सांडू नका हं."

"मुकाट्यानं चालव रे. खड्डे चुकव," मावशी म्हणाली. दोन्ही हातांनी धरूनही अर्धं पाणी तिच्या मांडीवर सांडलं.

कबरीवर तिनं उरलेलं ओतलं. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं. मग दफनभूमीतल्या नळावरून दोन बादल्या पाणी आणून तिनं सगळी माती भिजवली. मी बादल्या धरू लागले.

"ओली माती लवकर काम करते ना गं?" तिनं विचारलं. "तू एवढं वाचतेस."

ओल्या चिकणमातीत देह जास्त काळ टिकतो, हे मी वाचलेलं होतं.

"हो," मी म्हटलं. "झालं की कळवीन तुला. पत्रानं."