घराण्याचं रक्त

२०१७ सालची गोष्ट. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते, आणि झाँसीत दतिया गेटजवळच्या घरात सात वर्षांच्या जाईच्या नावानं पेढे वाटले गेले. रक्ताचा कर्करोग, पण महिनाभराच्या औषधांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनासा झाला होता. तिच्या आईला, विद्याला, मात्र पेढा गिळवेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आजारी पेशींत कुठली जनुकं जोरात चालू आहेत, ते दिल्लीची तपासणी सांगेल. वाईट निघाली तर औषधं कडक करायची, तीही लगेच."

तपासणीच्या फॉर्मवर मोबाइल नंबर सासऱ्यांचा, नानासाहेबांचा. त्या घरात शाळेचा दाखला असो की गॅसची टाकी, नंबर वडीलधाऱ्याचाच जायचा.

"नाना, रिपोर्ट आला?"

"येईल, सूनबाई. दिल्ली म्हणजे काय इथला सीपरी बाजार आहे?"

पंधराव्या दिवशी म्हणाले, "नमुना खराब निघाला म्हणे."

"मग पुन्हा पाठवू."

"पोरीच्या हाडात पुन्हा सुई? हसतेय, हसू दे की!"

विद्यानं नवऱ्याकडे पाहिलं. विक्रम बापापुढे कधी बोललाच नव्हता.

डॉक्टरीणबाईंनाही नानांनी नमुना खराब निघाल्याचंच सांगितलं; साधीच औषधं चालू राहिली. माघात नणंदेचं, स्वरालीचं, लग्न ग्वाल्हेरच्या बड्या घरात लागलं. जाई मोत्यांची टोपी घालून करवली म्हणून मिरवली.

जूनमध्ये आजार उलटला. जुने रिपोर्ट शोधताना विद्याला सासऱ्यांच्या मोबाइलमध्ये दिल्लीचा तो रिपोर्ट सापडला. तारीख नोव्हेंबरची. धोका मोठा, असं स्पष्ट लिहिलेलं.

"हे काय, नाना?"

"त्यात जनुकं लिहिली होती. म्हणजे आपलं रक्तच नासकं! ग्वाल्हेरवाल्यांना कळतं, तर स्वराली जन्मभर घरी बसती. अडीचशे वर्षांचं घराणं आहे, विद्या."

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, ती जनुकं बिघडलेल्या पेशींची. घराण्याशी काडीचा संबंध नाही."

"तेव्हा कळलं असतं तर?" विद्यानं विचारलं.

"बरी होईलच, असा शब्द नसता देता आला. पण लढता आलं असतं."

जाई गणपतीत गेली. विक्रमनं बीना गावी बदली मागून घेतली. रविवारी येतो, बापाशी बोलत नाही. स्वरालीला दोन मुलगे आहेत, धडधाकट. नानासाहेब अंथरुणाला खिळलेत. त्यांचे रिपोर्ट आता विद्याच्या नंबरवर येतात. ती उशाशी बसून एकेक आकडा मोठ्यानं वाचून दाखवते. काही लपवत नाही.