एकदाच विचारायचं

रायपूर राजधानी झालं आणि आमच्या घरातली अक्कल गेली, असंच म्हणते मी. पायलचे बाबा शहराबाहेर उरला गावाकडच्या कारखान्यायत, लोखंडाच्या रोलिंग मिलमधी सुपरवायझर. नवं राज्य झालं तशा ऑर्डरी वाढल्या, मंग मालकानं पुण्याहून एक ट्रेनिंगवाले साहेब बोलावले. ज्या कामाचे गिऱ्हाईक पैसे देत नाही ते काम फालतू, ते बंद करा, असं त्यायनं शिकवलं. मिलचं भलं झालं असन बापा. पण यायनं ते शिक्षण डब्यासंगं घरी आणलं.

पहिले देवघरातली घंटी गेली. म्हणे देव काही बहिरा नाही. मंग मिलमधला पिवळा पेंट आणून माझ्या स्वयंपाकघरात पट्टे ओढले, गॅसपासून मोरीपर्यंत. त्या पट्ट्याबाहेर चाललं की फालतू चालणं. मी मुद्दाम बाहेरून चालत होती.

अशातच पायलले पाहायले दुर्गहून पाहुणे येणार होते. पोरगा निरंजन, मंत्रालयात नवाच लागलेला. एका लग्नात दोघायचं बोलणं झालं होतं, आणि आमची पोट्टी माझ्या गळ्यात पडून म्हणे, "आई, मुझे यही चाहिए." तवापासून माझा जीव टांगणीले लागलेला.

आणि यायनं सकाळीच फर्मान काढलं की आज आग्रह बंद. पोहे घ्या म्हणायचं, त्यायनं नाही म्हणायचं, आपण पुन्हा म्हणायचं, एकाच कामासाठी तीन-तीन खेपा कायले? एकदाच विचारायचं. मी म्हटलं, अहो, आपल्या लोकाईत पहिलं नाही म्हणजे नाही नसते, पुन्हा विचारा असते. पण पालथ्या घड्यावर पाणी.

पाहुणे आले. निरंजन, त्याचे वडील यशवंतराव आणि आई सरलाबाई. उन्हातून बसनं आलेले, तोंडं सुकलेली. यायनं चहा विचारला. सरलाबाई रीतीप्रमाणे म्हणाल्या, नको, आत्ताच झाला. पायलनं आणलेला ट्रे तसाच परत गेला. मंग पोहे विचारले. यशवंतराव म्हणाले, कायले तकलीफ. पोहेही परत गेले. सरलाबाईची नजर प्लेटीमागं दरवाज्यापर्यंत गेली, ते मी पाहिलं. मी पुन्हा प्लेट उचलली तर हे सर्वायसमोर म्हणतात, "कलावती, नाही म्हणाले ना ते." लाजेनं माझं मरण झालं. पोट्टीचं लग्न त्या पोह्यासंगं परत चाललं होतं.

पण आमच्या साहेबायचं संपलं नव्हतं. पोरगी पसंत आहे काय, त्यायनं सरळ विचारलं. आता असं तोंडावर कोणी सांगते काय? यशवंतराव म्हणाले, घरी जाऊन कळवतो. हे म्हणाले, म्हणजे नाही. आणि उठून खुर्च्या घडी करायले लागले.

पडद्याआडून पायल बाहेर आली. डोळे लाल, पण आवाज पक्का. सर्वायच्या देखत निरंजनले विचारलं, "मैं पसंद हूँ?"

"हव," तो म्हणाला. एवढंच.

मंग यशवंतराव उठले. पोटात भूक आणि डोक्यात राग, दोन्ही दिसून राहिलं होतं.

"रामकृष्णभाऊ, मुलगा तर हो म्हणून बसला. आता मी बी एकदाच विचारतो. पोरगी देता?"

मले वाटलं, झालं, सुटलो. हो म्हणायले कितीक वेळ लागते? पण यायच्या हातात खुर्ची अर्धी घडी केलेली, तशीच राहिली. पायलकडे पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा पायलकडे. माझा नवरा, ज्याले माझं चार पावलं जास्त चालणं खपत नव्हतं, तो एका शब्दासाठी तिथं उभाच. डोळे भरून आले त्याचे. माझेही आले, आणि रागही आला, की हे आता सुचलं काय.

शेवटी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "भाऊ, अजून एकदा विचारा ना."

यशवंतराव काही बोलायच्या आधी सरलाबाईनं त्यायचा हात धरून खाली बसवलं.

"विचारतील," त्या म्हणाल्या. "पहिले आम्हाले पोहे विचारा."