गारांखालचे पीच

मामोलेफीनं गारांचा ढीग फावड्यानं ओढून खाली पडलेल्या पीचवर लोटला आणि वर ओलं गोणपाट टाकलं.

"वितळायच्या आत झाकतील तेवढे झाक," ती सुनेला म्हणाली. "गार राहिले तर कुजायला दोन दिवस जास्त घेतील."

थाकाने ब्लँकेट डोक्यावरून ओढून नुसती उभी होती. अर्ध्या तासात गारांनी गावातलं एक झाड सोडलं नव्हतं. मका आडवा झाला होता. आठवडाभरानं उतरवायचे पीच पानाफांद्यांसकट चिखलात ठेचून पडले होते. लेसोथोच्या या डोंगरात हिवाळ्यात मका संपला की वाळवलेल्या पीचवरच दिवस काढायचे. शेजारची मात्सेपो आपल्या कुंपणाशी दोन्ही हात मांडीवर टाकून बसली होती.

मामोलेफीनं कमरेची किल्ली काढली आणि मागच्या गोल झोपडीचं कुलूप उघडलं.

लग्न होऊन आल्याला दोन वर्षं झाली, तरी थाकानेनं ती झोपडी आतून पाहिली नव्हती. सासू रिकाम्या बरण्या गोळा करते हे मात्र साऱ्या गावाला ठाऊक होतं. मयताच्या घरून, शाळेच्या स्वयंपाकघरामागून, रस्त्यावरच्या खाणावळीच्या उकिरड्यावरून ती त्या उचलून आणायची, पण कुणाला एक देईल तर शपथ. थाकानेनं बहिणीच्या बाळंतपणासाठी मागितली, तर "मिळणार नाही" असं तोंडावर सांगितलं होतं. "तुझी सासू मेली की तिला पेटीत नको, बरणीतच भरू," असं मात्सेपो पाणवठ्यावर म्हणायची. बायका हसायच्या, आणि थाकानेला मान खाली घालावी लागायची.

आता दारातून उजेड आत गेला. जमिनीपासून गवताच्या छपरापर्यंत, भिंतीच्या गोलाईनं फळ्याच फळ्या, आणि फळ्यांवर बरण्या. धुतलेल्या, पुसलेल्या, प्रत्येकीचं झाकण तिच्याच गळ्यात दोऱ्यानं बांधलेलं. थाकाने मोजायला लागली आणि शंभराच्या पुढे तिनं नाद सोडला. काचांमध्ये उजेड असा भरला होता, की आपण पाण्याच्या तळाशी उभ्या आहोत असं तिला वाटलं.

"बघत काय राहिलीस? बायकांना बोलाव," सासू म्हणाली. "सुऱ्या घेऊन या म्हणावं."

तीन दिवस अंगण उकळत होतं. ठेच लागलेला भाग कापायचा, चांगला बरणीत भरायचा, वर उकळतं पाणी, साखर जेमतेम चिमूटभर. बरण्या पत्र्याच्या पिंपात उभ्या राहून शिजायच्या, तळाशी जुनं फडकं, म्हणजे काच तडकत नाही. मामोलेफी काही वाया जाऊ देईना. हिरवी फळं मीठमिरचीत गेली. फार फुटलेल्यांच्या चकत्या घराच्या पत्र्यावर वाळायला पडल्या. सालं आटवून पाक झाला, बिया गोवऱ्यांबरोबर चुलीत गेल्या. मूठभर सालं तिनं पहिल्याच दिवशी कोमट पाण्यात झाकून ठेवली होती. ती फसफसली, तेव्हा त्याच पाण्यात पीठ भिजवलं, आणि तिसऱ्या दुपारी, झाकणावर निखारे ठेवलेल्या तीनपायी भांड्यात, पाव टरारून वर आला.

मधे एकदा चुलीशी दोघीच असताना थाकानेनं विचारलं होतं, बरण्या कशासाठी ते कधी कुणाला सांगितलं का नाही. सासूनं आधी मागे वळून पाहिलं. मग खालच्या आवाजात सांगितलं, की ती लहान असताना नदीपलीकडच्या गावात एका बाईनं गारांच्या आदल्या दिवशी आपली ज्वारी घाईनं आत घेतली होती. साऱ्यांचं गेलं, तिचं राहिलं. गारा तिनंच बोलावल्या, असं लोक म्हणाले. रागानं तिचं घर पेटवलं. बाई आत होती.

मग ती पुन्हा चुलीकडे वळली. जाळ सारखा करत राहिली.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरताना शेवटचं पिंप रिकामं झालं. अंगणभर ब्लँकेटांवर बरण्या निवायला ठेवल्या होत्या, आत पीचची पिवळीधमक अर्धुकं. तेवढ्यात कुठंतरी टक् असा आवाज झाला. मग दुसरीकडे. मग इथं, तिथं, कुंपणापाशी. निवता निवता एकेका झाकणाचा फुगवटा आपोआप आत बसत होता, बरणी घट्ट लागत होती. बायकांचं बोलणं थांबलं. कुणी हातातली सुरी खाली ठेवली. बराच वेळ त्या सगळ्याजणी श्वास धरून ऐकत राहिल्या.

मामोलेफीनं सांगितलं, घरात जितकी तोंडं त्या मानानं न्या.

मात्सेपो बरणी छातीशी धरून उठली.

"मामोलेफी," ती हलकेच म्हणाली, "गारा येणार हे तुला कसं गं कळलं?"

त्यात टोमणा नव्हता, नवलच होतं. पण एका बाईनं हातातली बरणी सावकाश जमिनीवर ठेवली. मामोलेफीचे हात फडक्यात तसेच राहिले.

"तिला कुठलं कळतंय?" थाकाने मोठ्यानं म्हणाली. सासूला तिनं आजवर एकेरी म्हटलं नव्हतं. "चिकट आहे ही, दुसरं काही नाही. माझ्या बहिणीला एक बरणी सुटली नाही हिच्या हातून. गारा पडल्या नसत्या तर सगळ्या घेऊन वर गेली असती."

मग मात्सेपोला हसू फुटलं.

"आठवड्यात येईल बघा दारोदार, रिकाम्या परत द्या म्हणून," ती म्हणाली.

साऱ्या हसल्या. जमिनीवरची बरणी पुन्हा काखेत गेली. उतारावरून त्यांचं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं.

थाकानेनं पाव कापायला सुरी घेतली. मामोलेफीनं ती तिच्या हातातून काढून घेतली. जाडसर तुकडा कापून सुनेपुढे ठेवला आणि त्यावर पाक ओतला. कडेनं खाली ओघळला, तरी ती ओततच राहिली.